लीचसाहेबांचा बटवा

आधी मला ते पायपुसणं वाटलं. घोटाभर पाण्याच्या डबक्यात पडलेलं, कडांचे धागे सुटलेलं, मातकट. लोक कुठे कुठे काय टाकून जातात, असं पुटपुटत मी ते उचलायला वाकले, तेवढ्यात आमच्याबरोबरचा वाटाड्या म्हणाला, ‘‘बेन, रहेवा दो. जीवतुं छे.’’

मी हात मागे घेतला. पायपुसण्यानं आपलं एक टोक उचललं. त्या टोकाला दोन गुंडाळलेले कान होते.

जागा होती नरारा. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगर जिल्ह्यात जे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झालं, देशातलं पहिलं, त्याचाच हा भाग. इतर ठिकाणी प्रवाळ पाहायला पाण्यात बुड्या माराव्या लागतात. इथे ओहोटीला समुद्रच उठून लांब जातो आणि आपण बूट घालून त्याच्या तळावर चालत सुटतो. माझी भाची समुद्री जीवशास्त्र शिकते. ‘‘मावशी, जन्मभर पुस्तकं लावलीस, आता त्या पुस्तकांत जे आहे ते एकदा बघ,’’ असं म्हणत तिनं मला ओढून आणलं होतं.

पुस्तकं लावणं हे माझं काम होतं खरं. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ३१ वर्षं. पुस्तक आलं की दाखल नोंद, शिक्का, वर्गांक, तालिकापत्र, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड. सवय अशी जडली आहे की, समोर काही नवीन दिसलं की पहिला प्रश्न ‘हे काय आहे’ असा पडतच नाही. ‘हे कुठे लावायचं’ असा पडतो. त्या डबक्याशी उकिडवं बसूनही तेच झालं. मृदुकाय, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या दशांश पद्धतीत ५९४. त्यातले उदरपाद, म्हणजे गोगलगायींचा गट, ५९४.३. पुढे?

‘‘पुढचं विचारू नकोस,’’ भाची म्हणाली. ‘‘पुढे सगळा गोंधळ आहे.’’

गोंधळ म्हटल्यावर मला चेव चढला.

वाटाड्यानं त्याला ‘दरियाई ससलुं’ म्हटलं, समुद्री ससा. ते कान म्हणजे खरं तर वास घ्यायचे अवयव. पाण्यात विरघळलेल्या वासाचा माग घेत हा प्राणी फिरतो. ऐकू त्याला काहीच येत नाही. पण बसल्यावर पाठीची कमान आणि वर ते दोन कान असं रूप दिसलं की सशाचीच आठवण होते, आणि ती फार जुन्या काळापासून होत आली आहे. रोमन लोक याच्या जातभाईंना ‘लेपुस मारिनुस’ म्हणत. त्याचा अर्थही समुद्री ससाच. पहिल्या शतकातल्या प्लिनीनं आपल्या निसर्गाच्या जाडजूड ग्रंथात याच्यावर काही ओळी खर्च केल्या आहेत. आमच्या (म्हणजे रोमनांच्या) समुद्रातला हा ससा म्हणजे नुसता बेढब गोळा, रंगापुरता सशासारखा. पण हिंदी समुद्रातला मात्र आकारानं आणि केसांनीही सशासारखा, केस तेवढे अधिक राठ. आणि इतका विषारी की नुसत्या स्पर्शानं ओकारी व्हावी, असा त्याचा मजकूर आहे.

केस! माझ्या समोरच्या प्राण्याला अंगभर केसच होते. म्हणजे फाटे फुटलेल्या मऊ झिरमिळ्या, पाण्यात हलणाऱ्या. खरे केस अर्थातच नव्हेत. मी उत्साहानं म्हटलं, ‘‘प्लिनीनं लिहिलेला हाच!’’ भाचीनं मला तिथल्या तिथे गप्प केलं. प्लिनी हिंदुस्थानात आला नव्हता, ऐकीव माहिती लिहीत होता, आणि केसाळ-काटेरी म्हटलं तर समुद्रात केंड माशासारखे इतरही उमेदवार आहेत. बरोबर आहे तिचं. तरी माझ्या मनातल्या तालिकापत्रावर मी ‘हेही पाहा : प्लिनी’ अशी नोंद करून टाकली. ‘हेही पाहा’ला पुरावा लागत नाही.

आमच्याकडे कोकणात याला काय म्हणतात, ते मी पुष्कळ आठवून पाहिलं. माझं बालपण समुद्राकाठी गेलं. उधाणाची भरती, भांगाची भरती, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणं, हे सगळं पाढ्यांबरोबर पाठ झालेलं. तिसऱ्या, कालवं, खुबे, मुळे, प्रत्येकाला नाव होतं आणि प्रत्येकाचा ठरलेला मसाला. पण खडकांच्या खळग्यांत जे नुसतंच लिबलिबीत काही दिसायचं त्याला ‘घाण’ याखेरीज नाव ऐकल्याचं आठवत नाही. जे कालवणात पडत नाही त्याच्या बारशाला कोण बसणार?

याचं बारसं झालं ते युरोपात, १८१७ साली. ब्लँव्हिल नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं ‘बर्साटेला लीची’ हे नाव ठेवलं. बर्सा म्हणजे पिशवी. बर्साटेला म्हणजे लहानशी पिशवी. मी म्हणेन बटवा. या गटातल्या इतर समुद्री सशांच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे मांसल पदर असतात. काही जण ते फडफडवत पोहतातही. याचे पदर मात्र पाठीवर एकमेकांना शिवल्यासारखे जुळलेले, मध्ये फक्त एक फट. त्या फटीतून आतल्या कल्ल्यांकडे पाणी जातं-येतं. आवळलेल्या नाडीचा बटवा डोळ्यांपुढे आणा, की झालं.

आणि ‘लीची’ हे फळाचं नाव नव्हे. विल्यम एल्फर्ड लीच हे ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ, त्यांच्या मानार्थ. या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली, कारण संग्रहालयातले ढीग निस्तरणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. ढीग निस्तरता निस्तरता या गृहस्थांनी एक गोड वेडेपणा करून ठेवला आहे. १८१८ साली त्यांनी समुद्री किड्यांच्या अनेक प्रजातींना नावं दिली : सिरोलाना, कोनिलेरा, नेरोसिला, रोसिनेला. नीट पाहिलं तर ही सगळी ‘कॅरोलिन’ किंवा ‘कॅरोलिना’ या नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलेली आहेत. ही कॅरोलिन कोण, यावर लोकांनी तर्क लढवले आहेत. मला त्यात शिरायचं नाही. आमच्या वाचनालयातही एका लेखनिकानं एका विशिष्ट सभासद क्रमांकाची कार्डं कायम हिरव्या शाईनं लिहिली होती. काही गोष्टी तालिकेत वाचायच्या आणि मिटवायच्या. पुढे लीचसाहेबांची प्रकृती ढासळली, म्युझियमची नोकरी गेली आणि १८३६ साली इटलीत कॉलऱ्यानं ते वारले. त्यांच्या नावाचा बटवा मात्र जगभरच्या उष्ण समुद्रांत रांगतो आहे.

आम्ही हे बोलत असताना मागून आलेल्या एका मुलाचा बूट त्या डबक्यात पडला. बटव्यानं अंग चोरलं आणि पाण्यात जांभळा रंग सोडला. जांभूळ पिळल्यासारखा नव्हे. आमच्या शिक्क्याच्या पॅडची शाई असते ना, अगदी ती छटा. पाण्यात तो रंग आधी दोरीसारखा लोंबला, मग पसरला. माझ्या रुमालाचं टोक पाण्यात होतं, त्यानंही तो टिपला.

ही शाई म्हणजे पळून जाण्यासाठी टाकलेला पडदा, असा माझा समज होता. पण इतक्या संथ प्राण्यानं पडदा टाकून पळावं तरी कुठे? भाचीनं याच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अप्लिसिया नावाचा मोठा समुद्री ससा असतो. शेवंड त्याच्यावर चालून आली की तो शाई सोडतो आणि तिच्याबरोबर एक चिकट पांढरट स्रावही. त्यात अन्नातली असतात तशी अमिनो आम्लं ठासून भरलेली असतात. शेवंडीला वाटतं, आपल्या तोंडात जेवणच आलं. ती पाण्यातल्या त्या ढगाशी झटत बसते, मिशा पुसत बसते, आणि ससा आपल्या चालीनं निघून जातो. २००५ साली प्रयोग करून हे दाखवलं गेलं. म्हणजे अंधार करून पळायचं नाही, पानात खोटा लाडू वाढून निघायचं. त्या अप्लिसियाच्या शाईचा जांभळा रंग तो खातो त्या लाल शैवालातला असतो. लाल शैवाल बंद केलं, की शाईचा रंग जातो.

विषाचंही तसंच, उसनंच. आपला बटवा चरतो तो मुख्यतः नीलहरित जिवाणूंवर. उथळ, कोमट, गाळाच्या पाण्यात यांचे केसांसारखे गुंते वाढतात, शेवाळाच्या गोधड्यांसारखे. लिंग्बिया हा त्यातला नामांकित. हे गुंते स्वतःच्या रक्षणासाठी जबरी विषं तयार करतात, त्यामुळे मासे त्यांना तोंड लावत नाहीत. जिथे कोणी पंगतीला बसत नाही तिथे बटवा एकटाच यथेच्छ जेवतो, आणि त्या विषांतली काही स्वतःच्या पोटात साठवूनही ठेवतो. थायलंडमध्ये गोळा केलेल्या बर्साटेलांत हेक्टोक्लोरिन नावाचं जे द्रव्य सापडलं ते आधी लिंग्बियातच सापडलेलं होतं.

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकते आहे. गॅस्ट्रोपॉड या शब्दाचा अर्थही पोट-पाय, उदरपाद. पण ही म्हण ज्या अर्थानं वापरतो, दिसायला गरीब आणि आतून भलतंच, तो अर्थ इतक्या शब्दशः लागू पडणारं कोणी मला आजवर भेटलं नव्हतं.

आणि या उसन्या विषाची एक मोठी गोष्ट आहे. हिंदी महासागरातल्याच दुसऱ्या एका समुद्री सशाची, डोलाबेलाची. सुताराच्या वाकसासारखी चकती पाठीच्या कातडीखाली वागवतो म्हणून हे नाव. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांनी १९७० च्या दशकात मॉरिशसजवळच्या डोलाबेलांपासून सुरुवात केली आणि पेशींचं विभाजन थोपवणारी द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या डोलास्टॅटिन १० ची रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राण्यातून ते इतकं नगण्य मिळायचं की शेवटी प्रयोगशाळेतच बनवावं लागलं. मूळ द्रव्य थेट देण्याजोगं नव्हतं. पण त्याच्यावरून बेतलेलं एक संयुग प्रतिपिंडाला जोडून हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावरचं औषध तयार झालं आणि २०११ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मधल्या काळात, २००१ मध्ये, तेच डोलास्टॅटिन पलाऊच्या समुद्रातल्या एका नीलहरित जिवाणूत सापडलं. म्हणजे ससा हा ग्रंथकर्ता नव्हताच. तो वाचनालयातून पुस्तक घेऊन गेलेला सभासद होता. नाव मात्र पुस्तकावर त्याचंच लागलं. डोलास्टॅटिन.

आता तो गोंधळ. मी संध्याकाळी जामनगरच्या मुक्कामावर भाचीकडून तो ऐकला आणि मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. कॉफीमुळे असेल.

चुकांपासूनच सुरुवात. अप्लिसिया हे नाव जीवांना नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनियसनं दिलं, पण १७६७ च्या त्याच्या ग्रंथात ते छापलं गेलं ‘लाप्लिसिया’ असं. पुढे कित्येक वर्षं लोक मुद्रणदोषच निष्ठेनं उतरवून घेत राहिले. हा शब्द मुळात ग्रीक, ॲरिस्टॉटलनं एका जातीच्या स्पंजासाठी वापरलेला : धुऊन स्वच्छ होत नाही तो. स्पंजाचं नाव सशाला लागलं, तेही चुकीच्या अक्षरानं. आमच्याकडे ‘ज्ञानेश्वरी’च्या एका प्रतीची नोंद कोणा पूर्वसुरीनं ‘पाककला’मध्ये केली होती आणि ती २० वर्षं तिथेच होती, हे मी भाचीला सांगितलं. तिला बरं वाटलं.

बटव्याचं त्याहून बिकट. हा प्राणी हिंदी महासागरात आहे, लाल समुद्रात आहे, आफ्रिकेच्या दोन्ही बाजूंना, कॅरिबियन समुद्रात, जपानकडे, ऑस्ट्रेलियाकडे. १९४० मध्ये त्याची भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून नोंद झाली आणि सुएझ कालव्यातून गेला असावा, असं मानलं गेलं. जो जिथे सापडला तिथे त्याला कोणी ना कोणी नवं नाव दिलं : प्लेई, साविग्न्याना, आफ्रिकाना, हिरासेई आणि आणखी काही. या नावांवर १९३५ सालीच नेली ईल्स आणि एंगल या प्राणिशास्त्रज्ञांनी सगळ्यांचे नमुने समोर मांडून, हे एकाच जातीचे प्रादेशिक प्रकार आहेत, असा निकाल दिला. वाचनालयाच्या भाषेत सांगायचं तर सात-आठ तालिकापत्रांवर ‘पाहा : बर्साटेला लीची’ असे लाल शाईनं शेरे पडले. मला हा निकाल फार आवडला. वर्षानुवर्षं एकाच लेखकाची पुस्तकं वेगवेगळ्या टोपणनावांखाली विखुरलेली असतात आणि एके दिवशी कोणी ती एका फळीवर आणून ठेवतं, तेव्हा जे समाधान मिळतं ते ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक.

पण समाधान टिकत नाही. २०२० साली जनुकं तपासली गेली तेव्हा ‘पाहा’च्या खाली गाडलं गेलेलं एक नाव पुन्हा बाहेर काढावं लागलं. ओसेलिजेरा, बर्घ यांनी १९०२ मध्ये दिलेलं. ती वेगळीच जात निघाली. बाकीचे मात्र, अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंत, एकच. १९३५ चा निकाल बहुतांशी खरा ठरला म्हणायचा. नुसत्या बाटल्यांतल्या आक्रसलेल्या नमुन्यांवरून, भिंगाच्या आधारावर, हे कमी नव्हे.

याहून मोठी उलथापालथ झाली ती वरच्या फळीवर. प्रत्येक वाचनालयात एक ‘इतर’ नावाचं कपाट असतं. जे कुठेच बसत नाही ते तिथे. आमच्याकडच्या ‘इतर’मध्ये कुक्कुटपालन, हस्तरेषा, एका सहकारी बँकेचा सुवर्णमहोत्सवी अंक आणि टंकलेखनाचं पुस्तक शेजारी शेजारी उभी होती. समुद्री गोगलगायींचं ‘ओपिस्थोब्रँकिया’ हे कपाट १९ व्या शतकात मिल्न-एडवर्ड्‌स यांनी केलं. हृदयाच्या मागे कल्ले असणाऱ्या त्या ओपिस्थोब्रँकिया, पुढे असणाऱ्या प्रोसोब्रँकिया. फुफ्फुसानं श्वास घेणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगायी तिसरीकडे. नीटस, सुबक. दीडशे वर्षं शाळा-कॉलेजांत हेच शिकवलं गेलं.

२०१० च्या सुमारास जनुकांचा वंशवृक्ष मांडला गेला आणि ते कपाट मोडलं. शंख टाकून देणं, कल्ले मागे जाणं या गोष्टी वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी घडल्या होत्या. सारखेपणा नात्याचा नव्हता, सवयीचा होता. रंगीबेरंगी म्हणून ज्यांचे फोटो सगळीकडे झळकतात त्या उघड्या कल्ल्यांच्या न्यूडिब्रँक एका बाजूला गेल्या. शैवालातली हरितलवकं चोरून अंगात वागवणाऱ्या सॅकोग्लोसा, ज्यांना इतकी वर्षं आपण समुद्राच्या समजत होतो, त्या पावसाळ्यात आपल्या मोरीत शिरणाऱ्या गोगलगायीच्या जवळच्या निघाल्या. आणि आपला बटवा, म्हणजे सगळे समुद्री ससे, यांचं नातं निघालं टेरोपॉड्‌सशी. खुल्या समुद्रात पायांचे पंख करून तरंगणारी समुद्री फुलपाखरं. पायपुसण्याच्या चुलतघराण्यात फुलपाखरं! आज समुद्री सशांचा गण अप्लिसिइडा, कुळ अप्लिसिइडी, आणि सगळ्यांच्या डोक्यावरचं मोठं नाव हेटेरोब्रँकिया. ‘वेगळ्याच कल्ल्यांचे’ असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे पुन्हा ‘इतर’च की! भाचीला मी हे म्हटलं तर ती रागावली. पण मला ‘इतर’ ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्याच भागात, समुद्री गवताच्या कडेला, या वेळी तीन बटवे एकामागे एक चिकटलेले दिसले. भाची निःसंकोचपणे समजावू लागली आणि मी वाटाड्याकडे बघायचं टाळलं. प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही. पुढचा मादीचं काम करतो, मागचा नराचं, आणि मधला एकाच वेळी दोन्ही. अशा लांबच लांब साखळ्या होतात. पुढे अंड्यांचे दोरे पडतात, गुंतलेल्या शेवयांसारखे. त्यातून निघालेली डिंभकं, म्हणजे पिलांची पहिली अवस्था, प्रवाहाबरोबर सुमारे तीन आठवडे भटकतात; योग्य जागा मिळाली की तळाला बसतात आणि प्रौढ होतात. सगळं आयुष्य वर्षभराच्या आतलं. पिलांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की ती एकमेकांच्या चिकट वाटेचा माग काढत रात्री एका जागी गोळा होतात आणि दिवसा चरायला पांगतात.

मला मात्र त्या डिंभकाबद्दलचं भाचीचं एक वाक्य विसरता येईना. त्याला शंख असतो. छोटा, गुंडाळलेला, व्यवस्थित. डोलाबेला वाढतानाही त्याची चकती जपून ठेवतो, अप्लिसिया त्याचा पातळ पापुद्रा पाठीच्या मांसाखाली दडवतो. बर्साटेला तो पुरताच टाकून देतो. घर घेऊन जन्माला यायचं आणि मोठं होताना ते काढून ठेवायचं, त्याच्या जागी उसनं विष, खोटा लाडू आणि फाटक्या पायपुसण्याचं सोंग. आणि त्या सोंगात एक हौस राहून गेलेली : मातकट अंगावर मधूनच निळे ठिपके, काळसर कड असलेले, इस्त्री केलेल्या साडीवरच्या बुट्ट्यांसारखे टापटीप. पहिल्या दिवशी ते मला दिसलेच नव्हते.

‘‘चालो, पाणी आवे छे,’’ वाटाड्यानं हाक दिली. समुद्र परत यायला लागला होता. इथे तो लाटांनी येत नाही. पायांखालची चिखलाची वाट नुसती ओली, मग भिजलेली, मग नाहीशी होत जाते. आम्ही निघालो.

घरी आल्यावर जुनी कोरी तालिकापत्रं शोधली. सगळी तालिका संगणकावर गेली तेव्हा रद्दीत निघालेला एक गठ्ठा मी आणून ठेवला होता. एका पत्रावर लिहिलं : बर्साटेला लीची, ब्लँव्हिल, १८१७. खाली ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’. आमच्याकडे रीत अशी की दाखल क्रमांक शाईनं घालायचा आणि वर्गांक पेन्सिलीनं, कारण पुस्तक आलं हे कायमचं, पण कुठल्या फळीवर बसेल ते उद्या बदलू शकतं. ५९४.३ पेन्सिलीनं लिहिलं, आणि पुढचे आकडे घातलेच नाहीत.

आठवड्यानं भाचीचा फोन आला. ‘‘मावशी, रुमालावरचा डाग गेला का गं?’’

‘‘गेला,’’ मी म्हटलं. ‘‘साध्या साबणानं. दुसऱ्याच धुण्यात.’’

‘‘अप्लिसिया!’’ असं ओरडून ती कितीतरी वेळ हसत होती.